गिटारीचें वजन व तिचा स्वर

वाद्याचें वजन आणि त्याचा नाद यांचा संबंध काय, हा प्रश्न ऐकण्यास सोपा वाटतो. परंतु अमेरिकेंतील पेडल स्टील गिटार वाजविणाऱ्या मंडळींत त्यावर दोन-तीन पिढ्या वाद चालत आला आहे, आणि तो केवळ पांडित्याचा वाद नव्हे. दोन गळ्यांचें जुनें वाद्य पेटीसुद्धां साठ-सत्तर पौंडांच्या घरांत जातें. तें उचलून गांवोगांव नेणारा मनुष्य वृद्ध झाला म्हणजे त्याच्यापुढें दोनच मार्ग उरतात : हलकें वाद्य घ्यावें, किंवा वादन सोडावें. हलक्या वाद्यावर आपला आयुष्यभर कमावलेला स्वर उतरणार नाहीं, अशी त्याला भीति वाटते. ही भीति कितपत खरी, हें पाहावयाचें तर इतिहास थोडा मागून सांगितला पाहिजे.

या वाद्याचें मूळ हवाई बेटांत आहे. ओआहू बेटावर लाईए येथें १८७४ सालीं जन्मलेला जोसेफ केकूकू हा त्याचा जनक मानतात. आगगाडीच्या रुळांपाशीं सांपडलेला लोखंडी बोल्ट त्यानें सहज गिटारीच्या तारांवर फिरविला आणि त्यांतून निघालेल्या घसरत्या स्वरानें तो मोहून गेला, अशी आख्यायिका आहे. पुढें त्यानें गुळगुळीत पोलादी कांडी घडविली. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची, आणि तार बोटानें न दाबतां तिच्यावरून कांडी सरकवावयाची, ही पद्धति आपल्या विचित्रवीणेची किंवा दक्षिणेंतील गोट्टुवाद्याची आठवण करून देते. हिंदुस्थानांत जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नांवाच्या खलाशानें ती हवाईत आधींच दाखविली होती, असाहि एक प्रवाद आहे. आपल्या अभिमानास तो गोड लागतो. पण गोड लागतो एवढ्यावरून त्याला इतिहास म्हणतां येत नाहीं.

१९१५ सालच्या सान फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानें हवाई संगीताचें वेड अमेरिकाभर पसरलें. नाटकगृहें मोठीं, आणि मांडीवरच्या गिटारीचा आवाज मागच्या रांगेस पोहोंचेना. येथें थोडें पदार्थविज्ञान सांगणें भाग आहे. तार एकटी हवेला फारशी हलवीत नाहीं; ती घोडीला हलविते, घोडी तबलीला, व तबली हवेला. म्हणून तबली पातळ व हलकी असावी लागते. आपल्या तंबोऱ्याचा वाळलेला भोपळा व पातळ तबली यांचें मर्म हेंच. परंतु तारेच्या ठायीं असलेली शक्ति मोजकीच. ती झटपट हवेंत गेली तर स्वर मोठा निघतो, पण लवकर मरतो. लॉस एंजेल्सच्या हर्मान वाइसेनबॉर्ननें कोआ लांकडाच्या गिटारीचा गळासुद्धां पोकळ केला. १९२७ सालीं जॉन डोपेरा यानें नॅशनल कंपनीच्या गिटारींत तीन पातळ ॲल्युमिनियमच्या वाट्या बसविल्या. बाहेरचें अंग जर्मन सिल्व्हरचें, चांगलें जड. हलावयाचें तें हलकें, धरावयाचें तें जड, अशी कामाची वांटणी या वाद्यांत स्पष्ट दिसूं लागली.

त्यानंतर वीज आली आणि सगळें गणितच उलटलें. १९३२ सालीं रिकनबॅकर यांच्या कारखान्यांतून जॉर्ज बोशँप याच्या कल्पनेची गिटार बाहेर पडली. लहान वाटोळें अंग आणि लांब गळा, दोन्ही ओतीव ॲल्युमिनियमचीं. लोकांनीं तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीचा तवा असें नांव ठेवलें. तारांभोंवतीं घोड्याच्या नालेसारखे लोहचुंबक व त्यांखालीं तांब्याच्या तारेचें वेटोळें. पोलादी तार हालली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. आतां हवा हलविण्याचें काम ध्वनिवर्धकाकडे गेलें. तबलीची गरजच उरली नाहीं. उलट अंग जितकें कमी हालेल तितकी शक्ति तारेंतच राहून स्वर लांबतो. रंगभूमीच्या दिव्यांच्या उष्णतेनें ॲल्युमिनियम प्रसरण पावून सूर हलूं लागले, म्हणून पुढें १९३५ च्या सुमारास बेकेलाइटचीं अंगें निघालीं. जेरी बर्ड याच्यासारखा श्रेष्ठ वादक अशाच गिटारीवर वाजवी, आणि पेडलांच्या वाटेस तो गेला नाहीं.

पेडलें आलीं तीं स्वरसंवादाच्या गरजेनें. सरळ कांडीखालीं सर्व तारा सारख्याच चढतात, त्यामुळें मोजकेच स्वरसमूह मिळतात. पायानें एखादीच तार चढवितां-उतरवितां आली तर हा बंध सुटतो. (आपल्या रागसंगीतास ही अडचणच नाहीं, म्हणून १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत ब्रिजभूषण काब्रा यांस पोकळ अंगाची, पेडलांवांचूनची गिटार पुरली.) १९४८ सालीं पॉल बिग्सबी यानें स्पीडी वेस्टसाठीं पेडल गिटार बनविली, १९५४ सालीं वेब पिअर्स याच्या ‘स्लोली’ या गाण्यांत बड आयझॅक्सनें तार वाजत असतांनाच पेडल दाबलें, आणि त्या वांकत्या स्वरामागें सारे वादक लागले.

येथून वजन वाढत गेलें. मेपलचें टणक लांकूड, दोन गळे, पाय, सळया, लोखंडी दांडे. शिवाय एका गळ्यावरील दहा तारांचा एकत्र ताण अडीचशे-तीनशे पौंड होतो. पेडल दाबलें कीं अंग किंचित् वांकतें आणि ज्या तारांस स्पर्शहि झाला नाहीं त्या सूक्ष्म उतरतात. हा दोष मात्र कल्पनेचा नव्हे. कान तयार असेल त्यास तो ऐकूं येतो. तथापि त्यावरचा उपाय ताठपणा हा आहे, वजन नव्हे. दोहोंची गल्लत होते, कारण लांकूड ताठ करावयाचें तर तें जाड, म्हणजेच जड, करावें लागतें.

दुसरें भांडण तारा खेंचणाऱ्या यंत्राचें. बडी एमन्स यानें १९६३ पासून आपल्या कंपनीच्या वाद्यांत जी रचना ठेवली, तींत तार ज्या बोटावरून जाते तें एका दिशेस ओढलें व दुसऱ्या दिशेस ढकललें जाई, आणि स्वस्थ असतां तें वाद्याच्या अंगाशीं घट्ट भिडून राही. जुळवणी मोठी कटकटीची. नंतरच्या रचनेंत सर्व काम ओढूनच होतें. जुळवणी सोपी, पण बोट दुभंगून सांधे वाढले. जुन्या रचनेचा स्वर भरदार लागतो असें तिचे भक्त सांगतात. मला त्यांत तथ्य दिसतें. कारण तारेची शक्ति गळते ती तिच्या टोंकांशीं, आणि तेथला एक ढिला सांधा दहा पौंड लांकडाहून अधिक अपाय करील.

परंतु तारेला दुसरेंहि टोंक आहे, आणि या वादांत तें बहुधा विसरलें जातें. तें टोंक म्हणजे वादकाच्या हातांतील कांडी. तिचें वजन साधारण सात-आठ औंस. ती धरली आहे मांसल बोटांनीं. कांडी हलकी घेतली कीं स्वर पातळ होतो, जड घेतली कीं तो टिकतो. हात कांपरा असेल तर साठ पौंडांचें मेपल त्यास सावरीत नाहीं. वजनास महत्त्व आहेच, पण तें एकूण बेरजेचें नसून जागेचें आहे, असें माझें मत आहे.

अलीकडे कार्बनतंतूंचीं अंगें निघालीं आहेत. थोड्या वजनांत तीं पुष्कळ ताठ असतात. एका गळ्याचीं हलकीं वाद्येंहि आतां मिळतात. जुन्या वादकानें असें वाद्य घेण्यापूर्वीं आपली कांडी, आपल्याच जाडीच्या तारा व आपला ध्वनिवर्धक बरोबर न्यावा, पेडल दाबून न हललेल्या तारांचे सूर तपासावे, आणि दुसऱ्या कोणास तरी पाठमोरें बसवून दोन्ही वाद्यें ऐकवावीं.