कन्फेशनच्या पेटीत न मावलेलं पाप

होळीचा सण बहुतेक वर्षी आमच्या ख्रिस्ती उपवासकाळातच येतो. राखेचा बुधवार झालेला असतो, ईस्टर अजून लांब असतो. वसईगावातल्या होळी बाजारात तेव्हा शुक्रवारी ख्रिस्ती गिऱ्हाईक मटणाकडे फिरकत नाही, आणि हे ठाऊक असलेल्या कोळणी मांदेलीचा वाटा बेताचा नि भाव चढा लावतात. घासाघीस केली तर ऐकवतात, ‘बाय, उपास तुझा, पोट माझं.’ ईस्टर जवळ आला की त्याच गर्दीत, पिशवी सांभाळत, एकमेकींना विचारणं सुरू होतं : कन्फेशन झालं का गं?

आज हा प्रश्न विजेचं बिल भरलं का, अशा सुरात येतो. पोर्तुगीज अमलात तो सरकारी थाटाचा होता. वर्षातून निदान एकदा पापं कबूल करावीत, हा नियम रोमच्या परिषदेने १२१५ सालीच केला होता. पोर्तुगीज धर्मगुरू त्यासाठी ‘रोल’ ठेवत : घरागणिक माणसांची यादी आणि कोणी उपवासकाळात कन्फेशन केलं, त्याची नोंद. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, आणि इथली गावोगावची चर्च पुढच्या काही दशकांत उभी राहिली. त्याच सुमारास, १५७०च्या दशकात, मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ कन्फेशनसाठीच्या लाकडी पेटीचे आणि मधल्या जाळीचे नियम घालून देत होते. म्हणजे आमची चर्च आणि ती पेटी जवळजवळ एका वयाची.

मी चाळीशीपर्यंत चर्चमधला मिस्सा मन लावून ऐकला नाही, पण मराठी शिकवायला लागल्यापासून एक गोष्ट मला फार गमतीची वाटत आली. मिस्सा शतकानुशतके लॅटिनमध्ये झाला. कळो न कळो, लोक गुडघे टेकून बसत. पाप मात्र लॅटिनमध्ये सांगता येत नाही. नवऱ्याशी भांडलेली बाई पेटीपाशी येते ती आपल्या बोलीतच बोलते. म्हणून परक्या पाद्र्यांना इथल्या भाषा शिकणं भागच होतं. फादर थॉमस स्टीफन्सचं १६१६चं ‘क्रिस्तपुराण’ सगळ्यांना माहीत असतं. त्या मानाने फ्रान्सिस्को वाझ द गिमारायिश यांचं १६५९चं ‘पुराण’ विस्मरणात गेलं. ख्रिस्ताच्या यातना आणि मरण त्यात रोमी लिपीत, उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांच्या मराठीत सांगितलेलं आहे. मला विचाराल तर आमच्या बोलीचा तो जुना दस्तऐवज आहे आणि शाळेत त्याचं नावही निघत नाही, ही लाजेची बाब. पुढे १६८४मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलायला शिकावं. फर्मान दप्तरात राहिलं.

१७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. गोरे पाद्री गेले, एतद्देशीय धर्मगुरू उरले. पेशवाईत उलट बाजूची प्रायश्चित्तंही झाली. ख्रिस्ती झालेल्यांना शुद्ध करून जातीत परत घेतलं गेलं. कोण राहिलं नि कोण परतलं, यावरून भावकीत आजही वाद रंगतात, त्यात मी पडत नाही. राहिलेल्यांचा कारभार गोव्याकडून १८८६मध्ये दमणच्या धर्मप्रांताकडे, १९२८मध्ये मुंबईकडे आणि १९९८मध्ये स्वतंत्र वसई धर्मप्रांताकडे आला.

माझं माहेर भुईगावचं, कुपारी समाजातलं घर. आजी सांगायची, तिच्या तरुणपणी एक गोवेकर फादर होते, त्यांना आमची कादोडी बोली धड कळत नसे. बायका त्यांच्याच पेटीसमोर रांग लावत! मोठं पाप भरभर कादोडीत सांगायचं आणि बारीकसारीक शुद्ध मराठीत. शिक्षा ठरलेली : तीनदा ‘नमो मरिया’ची प्रार्थना. आजीला यात लबाडी वाटत नसे. देवाला कादोडी येते, एवढं तिला पुरे होतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला, जाळीऐवजी समोरासमोर खुर्ची आली. आणि पापांच्या यादीत कधी नसलेली एक गोष्ट गावात शिरली : जमीन विकणं. १९८०च्या दशकाअखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला. केळीच्या बागा गेल्या, पानवेलीचे मळे गेले, बावखलं मातीने भरली. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठून मुरे आणि विहिरी गोड राहत. हे विकणारे चोर नव्हते, शेजारीच होते. मुलीचं लग्न, भावांच्या वाटण्या, दारात उभा राहिलेला दलाल. कन्फेशनमध्ये हे कोण आणि कशाला सांगणार?

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते पेटीबाहेर काढलं. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे, ‘हरित वसई’ आंदोलनाचे पुढारी. बिल्डर आणि गुंडांच्या साटेलोट्यावर त्यांनी उघड मोर्चे नेले, तेव्हा आमच्यातलेच काही म्हणाले की पाद्र्याने वेदी सांभाळावी. जमीन विकलेल्यांनाच ते जास्त झोंबलं, असं माझं मत. याच फादरांनी पोप दुसरे जॉन पॉल यांचं चरित्र लिहिलं, आणि मला ते योगायोगाचं वाटत नाही. तरुणपणी नाटकांत काम केलेला तो पोलिश पोप १२ मार्च २००० रोजी सगळ्या जगासमोर चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल क्षमा मागायला उभा राहिला. चार भिंतींतली गोष्ट त्याने चव्हाट्यावर आणली.

पोलंडचे अलीकडचे चित्रपट हीच गाठ सोडवत बसलेले दिसतात. यान कोमासा यांचा २०१९चा, ख्रिस्तदेहाच्या सणाचं नाव असलेला चित्रपट मी मुलासोबत घरी पाहिला. सुधारगृहातून सुटलेला, हातून खून झालेला डॅनियल एका खेड्यात स्वतःला फादर म्हणवतो. पहिलं कन्फेशन ऐकताना विधी ठाऊक नसतो, म्हणून पेटीत बसून मोबाइलवर शोधतो. आम्ही दोघं हसलो, पण पुढे हसू आलं नाही. गावातली पोरं मोटार अपघातात गेलेली असतात, आणि दुसऱ्या गाडीच्या मेलेल्या चालकाला गाव मूठमाती देऊ देत नाही. प्रत्येकजण चर्चला जातो, गुडघे टेकतो, आणि त्याच्या विधवेला घाणेरडी पत्रं पाठवतो. तोतया फादर ते पाप रस्त्यावर आणतो. चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं २०२०च्या जानेवारीत. त्याच महिन्यात उस्मानाबादला फादर दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. संमेलनाचा अध्यक्ष कॅथलिक धर्मगुरू कसा, म्हणून त्यांना धमक्याही आल्या होत्या. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

कॅथलिक धर्मशास्त्र एका बाबतीत कडक आहे. नुसतं सांगून आणि रडून भागत नाही. चोराने चोरलेलं परत करायला हवं, तरच प्रायश्चित्त पुरं. तीन ‘नमो मरिया’ म्हणून बावखल परत येत नाही. २०१८च्या जुलैत वसई पाण्यात बुडाली, मिठागरात माणसं अडकली, तेव्हा पाण्याच्या जुन्या वाटा कोणी बुजवल्या याची चर्चा पहिल्यांदा घराघरांत मोकळेपणी झाली. नावं सगळ्यांना माहीत होती, बरीचशी आपल्याच आडनावाची. त्यानंतर काही गावांत तरुण पोरं उरलेली बावखलं उपसू लागली. गाळ, दारूच्या बाटल्या, प्लॅस्टिक, जलपर्णी. रविवारी मिस्सा सुटला की घमेली घेऊन उतरतात. त्यांतल्या काहींच्या वडिलांनी शेजारचीच वाडी विकलेली आहे, आणि वडील काठावर उभे राहून पोरांना चहा देतात.