माद्रिदच्या उपाशी वर्षात

रस्ता दगडी आहे, म्हणून गाडी दिसण्याआधी तुम्हाला तिची चाकं ऐकू येतात. १८१२ सालचा फेब्रुवारी, माद्रिद शहर. गाडी कोपऱ्यावर थांबते. दोघं जण उतरतात, भिंतीला टेकून बसलेल्या बाईचा खांदा हलवून बघतात आणि तिला उचलतात. एकानं तिच्या काखेत हात घातलेत, दुसऱ्यानं पाय धरलेत. बाई तरुण आहे. तिचे मोकळे केस खाली लोंबतात. गाडीत तिच्याआधी उचललेली माणसं एकावर एक पडलेली आहेत. तुम्हाला वाटतं, आता कुणीतरी हंबरडा फोडेल. पण तिच्यासाठी रडणारं माणूस उरलेलं नाही, किंवा असलंच तर त्याच्या अंगात रडायची ताकद नाही. चर्चची ही गाडी रोज फिरते.

समोरच्या बाजूनं कोट-टोपी घातलेले काही गृहस्थ चाललेत. ते बघतात आणि पुढे जातात. एक लहान मुलगा शाळेला निघालाय. हा रामोन दे मेसोनेरो रोमानोस असूही शकतो. आठ वर्षांच्या या मुलाला शाळेच्या वाटेवर पडलेली मेलेली आणि मरायला टेकलेली माणसं जन्मभर विसरता आली नाहीत. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यानं ती नोंदवून ठेवली.

चार वर्षांपूर्वी, २ मे १८०८ रोजी, हे शहर नेपोलियनच्या फौजेवर चालून गेलं होतं. तेव्हापासून देशभर लढाई चालू आहे आणि गादीवर नेपोलियनचा भाऊ जोसेफ बसला आहे. १८११चं पीक बुडालं. जे हाती आलं ते फौजेनं स्वतःसाठी उचललं, आणि गनिमी टोळ्यांनी वाटा अडवल्यामुळे उरलंसुरलं धान्य राजधानीपर्यंत पोचेना. सप्टेंबर १८११ ते ऑगस्ट १८१२ या एका वर्षात या शहरात सुमारे २०,००० माणसं भुकेनं मरतील. दोन्ही बाजू आपापल्या परीनं देश वाचवत होत्या, आणि मधल्या मध्ये पाव नाहीसा झाला.

आता वाल्वेर्दे गल्लीकडे वळा. १५ नंबरच्या घराचं दार उघडतं आणि एक बुटका, जाडजूड म्हातारा बाहेर येतो. जोसेफनं दिलेलं मानचिन्ह त्यानं छातीवर लावलेलं नाही. फ्रान्सिस्को गोया, वय ६५, राजदरबाराचा पहिला चित्रकार. १७९३ पासून ठार बहिरा. गाडीची चाकं तुम्ही ऐकलीत, त्यानं ऐकली नाहीत. भिकाऱ्यांचा क्षीण आवाज, चर्चच्या घंटा, रात्रीची कण्हणी यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुष्काळ त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त डोळ्यांवाटे. त्याच्या चित्रांतली माणसं तोंड उघडून ओरडतात तेव्हा मला नेहमी हे आठवतं. आवाज नसलेली किंकाळी कशी दिसते, हे त्याच्याइतकं जवळून कोणत्या चित्रकारानं पाहिलं असेल?

त्याच्या मागे चालत राहा. एका बोळात माणसांचा घोळका जमलाय. सगळ्यांनी झगे डोक्यावरून ओढून घेतलेत. मधे मडकं आहे आणि एक जण पळीनं वाढतोय. जवळ गेलात की वासावरून कळतं, हे कसलंसं पीठ शिजवलेलं आहे, आपल्या पिठल्यासारखं दाट. स्पॅनिश लोक या डाळीला आल्मोर्ता म्हणतात. विदर्भातला वाचक असाल तर दाणा हातात घ्या, लगेच ओळखाल. ही लाख. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत होणारी आपली लाखोळी.

लाखेला पाणी कमी लागतं, म्हणून दुष्काळात सगळी पिकं मेली तरी ती उभी असते. पण दुसरं काही न खाता महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर तिच्यातलं विष मज्जातंतूंवर चढतं आणि माणसाचे पाय जातात. आधी पोटऱ्या आखडतात, मग काठी लागते, मग माणूस जमिनीवरून सरकायला लागतो. त्याचे पाय परत कधीच सरळ होत नाहीत. मध्य भारतातल्या गरिबांनी, सालदारांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलं. १९६१ मध्ये आपल्याकडे तिच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणानं.

घोळक्याच्या पुढ्यात, जमिनीवर, एक बाई आडवी पडली आहे. बाकीचे बसलेत, ती उठून बसत नाही. गोया तिच्याकडे बघत थांबतो. पुढे तो हाच देखावा युद्धावरच्या आपल्या चित्रमालिकेत, तांब्याच्या ५१व्या प्लेटवर कोरेल आणि खाली लिहील, ‘लाखेच्या कृपेनं’. ती बाई नुसती भुकेनं पडलेली नसून लाखेनं पांगळी झालेली असावी, असं अनेक वैद्यकीय अभ्यासकांना या चित्रावरून वाटलं आहे. जो घास जगवतोय तोच पाय नेतोय, हे त्यानं चार-पाच आकृत्यांत सांगितलं. त्याची युद्धचित्रं म्हटली की गोळीबार आणि संगिनी दाखवल्या जातात. माझ्या मते या मालिकेचं काळीज दुष्काळाच्या सतरा चित्रांत, ४८ ते ६४ या प्लेटांत आहे.

घरी परतल्यावर त्याच्या मागोमाग जिना चढा. आतल्या खोलीत पत्नी होसेफा आहे. जूनमध्ये ती जाईल. टेबलावर लाल खडूनं केलेलं रेखाटन पडलंय. तो ते ओलं करून तांब्याच्या प्लेटवर दाबतो. प्लेटवर मेणाचा पातळ थर आहे, त्यावर रेषा उमटतात. मग सुईनं तो मेण खरवडत जातो आणि प्लेट आम्लात सोडतो. सुई जिथे फिरली तिथे आम्ल तांबं खातं. काळोख हवा असेल तिथे तो राळेच्या भुकटीचा थर देऊन पुन्हा आम्ल चढवतो. या पद्धतीला ॲक्वाटिंट म्हणतात. युद्धात चांगलं तांबं मिळत नाही. एक प्लेट हातात घेऊन उलटी करा. मागच्या बाजूला झाडं आणि खडक दिसतील. शांततेच्या काळात कोरलेली स्वतःची निसर्गचित्रं त्यानं मधोमध कापली आणि त्यांच्या पाठीवर प्रेतं कोरली.

आधी केलेल्या प्लेटा भिंतीशी लावून ठेवल्यात. एका चित्रात कडेनं नुसत्या संगिनी आत घुसल्या आहेत, त्या धरणारे शिपाई दिसतच नाहीत. खाली शब्द आहेत, ‘बघवत नाही’. दुसऱ्यात गाव सोडून पळणारी माणसं, त्यांत मागे वळून पोराला ओढणारी आई आणि पैशाची थैली छातीशी धरलेला एक जण. खाली ‘मी हे पाहिलं’. त्याच्या पुढच्या प्लेटवर, ‘आणि हेही’. कुठल्या प्लेटवर फ्रेंच शिपाई गावकऱ्यांना कापतायत, कुठल्या प्लेटवर गावकरी फ्रेंचांवर कुऱ्हाड उगारतायत. मेल्यावर कोण कुणाचा हे ओळखू येत नाही. साल्वादोर कार्मोना किंवा दुसरा कुणी दरबारी खोदकाम करणारा असता तर त्यानं सेनापतींचे चेहरे कोरले असते. इथे एकाही सेनापतीला जागा नाही.

तुम्हाला एक प्रश्न सतावत असेल. हा माणूस जोसेफशी निष्ठेची शपथ घेतो, त्याच्याकडून मानचिन्ह घेतो, आणि घरी बसून हे कोरतो? ऑगस्टपर्यंत थांबा. १२ तारखेला इंग्रज सेनापती शहरात शिरतो आणि गोया लाल खडूनं त्याचा चेहरा काढतो. लांब नाक, दमलेले डोळे. तुम्ही हा चेहरा ओळखता. आर्थर वेलस्ली. नऊ वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांना हरवणारा हाच. जोसेफ परतला की गोया पुन्हा गप्प. १८१४ मध्ये जोसेफच्या आधी गादीवर असलेला राजा फर्नांदो परत येतो, तेव्हा त्याचीही चित्रं करतो. पोटासाठी आणि जिवासाठी तो प्रत्येक गादीपुढे झुकला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण राजांची चित्रं तो पैसे घेऊन करत होता आणि प्लेटांचं काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. त्या त्यानं हयातीत एकदाही विकायला काढल्या नाहीत. छापलेल्या नमुन्यांचा एक बांधीव संच तेवढा त्यानं सेआन बेर्मुदेस या मित्राला दिला.

१८१४ मध्येच त्यानं सरकारकडे पैसे मागून दोन मोठी चित्रं केली. त्यांतलं, १८०८च्या उठावानंतरच्या ३ मेच्या पहाटेचं चित्र तुम्ही कधी ना कधी छापलेलं पाहिलं असेल. जमिनीवर कंदील, पांढऱ्या सदऱ्यात हात पसरलेला माणूस, समोर पाठमोऱ्या शिपायांची रांग. २६८ बाय ३४७ सेंटिमीटरच्या त्या कापडासमोर उभे राहिलात की पांढऱ्या सदऱ्याकडे डोळे जाणारच. मी म्हणेन, त्याच्या बाजूला तोंड झाकून आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या माणसांकडे जास्त वेळ बघा. ती माणसं दुष्काळाच्या प्लेटांतून आली आहेत.

फेब्रुवारी १८१९ मध्ये तो मान्सानारेस नदीपलीकडे घर घेतो. आधीचा एक मालक बहिरा होता, म्हणून लोक या घराला आधीपासूनच ‘बहिऱ्याची वाडी’ म्हणतात. त्याच वर्षाअखेर तो मरणाच्या दारातून परत येतो आणि १८२० ते १८२३ या काळात घराच्या भिंतींवर, थेट गिलाव्यावर, तेलरंगात चौदा चित्रं काढतो. खालच्या मजल्यावर आपल्याच लेकराला खाणारा शनी आहे. वरच्या मजल्यावर दंडुक्यांनी एकमेकांना मारणारी दोन माणसं. ही वेड्याची कामं आहेत असं फार वेळा लिहिलं गेलं, आणि ते मला पटत नाही. त्याच १८२० साली त्यानं आपल्याला वाचवणाऱ्या डॉक्टर आर्रिएताचं चित्र केलं, पेला ओठाला लावणाऱ्या वैद्याच्या मिठीत टेकलेला स्वतः. वेड लागलेल्या माणसाला उपकार इतके स्वच्छ आठवत नाहीत. दंडुकेवाले तर त्याच्या देशाचं रोजचं चित्र होतं. फर्नांदोनं राज्यघटना रद्द केली होती, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, परत आणलं होतं, आणि शेजारी शेजाऱ्याची चुगली करत होता.

१८२४ मध्ये तो फ्रान्समध्ये बोर्दोला गेला आणि १६ एप्रिल १८२८ रोजी तिथेच वारला. प्लेटा माद्रिदमध्ये राहिल्या.

आता पस्तीस वर्षं पुढे या. १८६३, सान फेर्नांदो अकादमी. युद्धाच्या ८० प्लेटांचा पहिला छापील संच बाहेर आलाय आणि पानं उलटणारे तुम्ही पहिल्यांपैकी आहात. ७९व्या पानावर सत्य मरून पडलंय, बाईच्या रूपात, आणि पाद्री तिला पुरतायत. ८०व्यावर विचारलंय, ती पुन्हा उठेल का? संच इथे संपतो. विकत घेणाऱ्यानं हाच शेवट मानला.

पण सेआन बेर्मुदेसकडच्या संचात पुढे आणखी पानं आहेत. ८१व्यावर एक राक्षसी जनावर पडलंय, तोंडातून माणसं बाहेर येतायत. ८२व्याचं नाव आहे, ‘हेच खरं’. तेजानं उजळलेल्या बाईनं एका दाढीवाल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलाय. शेतकऱ्याच्या हातात कुदळ आहे. पायाशी पेंढी, टोपली आणि मेंढरू. सत्य उठतं का, या प्रश्नाचं उत्तर गोयानं लिहून ठेवलेलं होतं, आणि ज्या माणसानं लाखेचं मडकं कोरलं त्याच्या उत्तरात धान्य असणारच होतं. त्या दोन प्लेटा १८७० मध्ये अकादमीच्या हाती आल्या. पहिला संच घेणाऱ्यांना ८२वं पान मिळालं नाही. तुम्हाला ते मिळू शकतं, ते बघितल्याशिवाय हा संच मिटू नका.