नोंदीबाहेरचा वारसा

आमच्या घरात सातबारा वाचता येणारा पहिला माणूस मी. पण मी वाचला तो दुसऱ्याच्या जमिनीचा. आमच्या नावाचा सातबाराच नव्हता. आजी मात्र आयुष्यभर गावच्या गायरानातून सरपण आणि शेण आणीत असे. तिच्या या वहिवाटीची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास वाचताना मला तिच्या डोक्यावरचा भारा पुनःपुन्हा आठवत राहिला.

सुमारे ७५४ चौरस किलोमीटरचे हे उद्यान. खाली देवदाराची दाट जंगले, त्यांच्या वर 'थाच' म्हणून ओळखली जाणारी गवताळ कुरणे आणि त्याहून वर कायमचा बर्फ. तीर्थन, सैंज, जीवा या नद्यांचे पाणी येथूनच बियासला जाते. जुजुराणा हा दुर्मिळ पक्षी, मोनाल, कस्तुरीमृग, तपकिरी अस्वल, हिमबिबट्या यांचे हे घर. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण तो नैसर्गिक वारशाचा. म्हणजे पक्षी वारशात आले, माणसे बाहेर राहिली.

वास्तविक हा डोंगर निर्मनुष्य कधीच नव्हता. उन्हाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन थाचांवर चढत. बर्फ वितळला की बायाबापड्या गुच्छी नावाची रानअळंबी वेचीत, औषधी मुळ्या खणीत. ज्याच्याजवळ शेतीचा तुकडा नाही, त्याच्या हाती रोख पैसा पडे तो याच कष्टातून.

मग या माणसांचे हक्क गेले कोठे? त्याचे उत्तर एका जुन्या दप्तरात आहे. कुलू तेव्हा पंजाबच्या कांगडा जिल्ह्यात होते. अँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील जंगलांची हद्द आखून हक्कांची नोंद केली. त्याचा अहवाल १८८६ चा. जंगलातील चराई आणि लाकूडफाट्याचे हक्क त्याने सारा भरणाऱ्या जमीनधारकांशी बांधले. ज्याला जमीन नाही, त्याला हक्क नाही. आणि जमीन कुणाला नव्हती, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको.

१९८४ साली उद्यानाची पहिली अधिसूचना निघाली, १९९९ साली अंतिम. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे उलटल्यावरही नुकसानभरपाई देताना आधार घेतला गेला तो अँडरसनच्याच नोंदीचा. सुमारे दीड कोटी रुपये नोंदलेल्या हक्कदारांसाठी ठरले. पिढ्यान्‌पिढ्या गुच्छी वेचणारा भूमिहीन मात्र कागदावर कधी जंगलात गेलेलाच नव्हता! त्याचे काही हिरावले गेले, हेही मग सिद्ध होत नाही. त्याच सुमारास जीवा नाल्याच्या खोऱ्यातील सुमारे १० चौरस किलोमीटर क्षेत्र पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी उद्यानातून वगळण्यात आले. मेंढीच्या खुरांनी निसर्ग बिघडतो आणि बोगद्याच्या सुरुंगांनी बिघडत नाही, असा हा न्याय.

या खोऱ्यांच्या संस्कृतीचे गोडवे पुष्कळ गायले जातात. गावोगावचे देव, त्यांचे रथ, देवांच्या नावाने राखलेली देवराने. देवरानांनी जंगल राखले हे खरेच आहे. पण देवाचा रथ निघतो तो ढोल-नगाऱ्याच्या तालावर, आणि ते वाजविणारे बजंत्री बहुतांशी दलित. अनेक ठिकाणी देवाला जागविणाऱ्या या हातांनी त्याच्या रथाला शिवायचे नाही. दप्तराने जे केले, तेच देवळाने त्याच्या कितीतरी आधी केले होते. इंग्रजाने विषमता निर्माण केली नाही. त्याने तिला सरकारी शिक्का दिला.

जंगल राखू नये, असे मी म्हणत नाही. जुजुराणा जगलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की त्याच्या जगण्याची किंमत ज्याची कोठे नोंदच नाही त्यानेच का मोजावी?

२००६ च्या वनहक्क कायद्याने एक फट उघडली आहे. अनुसूचित जमातीबाहेरच्या वनवासीयांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा, अशी जाचक अट त्यात आहे. पण त्याच कायद्याच्या नियमांनी गावातील वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही पुरावा मानले आहे. म्हणजे म्हाताऱ्यांची आठवण आता कायद्यासमोर कागद होऊ शकते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यात आपले काम दिसते. आपल्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांपाशी बसावे: कोठे चारले, काय वेचले, कोणी अडविले, सारे तारीखवार उतरवून घ्यावे. माझी आजी गेली तेव्हा मी पदवीधर होतो, खिशात पेन होते. तिला मी काहीच विचारले नाही.