टोल्यावरची घटमाला : प्लाँतेच्या पेटीपासून आरमोरीच्या रानापर्यंत

वैनगंगेच्या खोऱ्यातील आरमोरीपासून पूर्वेकडे जंगल दाट होत जाते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच दशकात उरलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशावरचे महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहिले, ज्याची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. त्या केंद्राची वीज राज्यभर गेली. शेजारच्या जिल्ह्यातील कित्येक टोल्यांवर मात्र रॉकेलची चिमणीच राहिली.

यामागे केवळ अनास्था नव्हती. दोन-तृतीयांशांहून अधिक भूभाग वनाखाली असलेल्या या जिल्ह्यात खांब रोवणे म्हणजे वनजमिनीचा वनेतर वापर, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार त्याला केंद्राची परवानगी लागते. शिवाय पावसाळ्यात झाडे तारांवर कोसळतात, ते वेगळेच. कागदावर मात्र उजेड लवकर पडला होता. १९९७ पर्यंत महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, तरी ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरे. शेतातला एक पंप पुरेसा होता! २००४ च्या व्याख्येत निदान दहा टक्के घरांची अट आली. नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी गाव उजळलेलेच.

अशा घरांसाठी सौर छत आणि बॅटरी हा मार्ग पुढे आला. २५ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. या यादीत सर्वांत जुने यंत्र कोणते? पॅनेल नव्हे. सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जन्मला. बॅटरी त्याहून जवळपास शंभर वर्षांनी वडील आहे.

१८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात ठेवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारा पहिला विद्युतघट सिद्ध केला. एका घटाचे विभवांतर जेमतेम दोन व्होल्ट. म्हणून बारा व्होल्टसाठी सहा घट एकसर जोडावे लागतात. आजच्या काळ्या डब्यात तेच सहा कप्पे असतात. पुढे रेल्वेने या घटाला रोजचे काम दिले. चाकाच्या आसाने फिरणारा डायनॅमो, डब्याखाली बॅटऱ्या आणि गाडी थांबली तरी तेवत राहणारे दिवे. डायनॅमोच्या जागी सूर्य ठेवला की घरगुती सौरसंच तयार होतो. रेल्वेत मात्र त्या बॅटऱ्यांकडे पाहायला पगारी कर्मचारी होता. टोल्यावर तो नाही, आणि येथूनच खरी अडचण सुरू होते.

बारा व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून बॅटरी निरुपद्रवी वाटते. हा समज घातक आहे. दीडशे अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीची दोन टोके एका पान्याने जोडली गेली, तर क्षणात हजार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. पाना लाल होतो. हातातले कडे वा अंगठी असेल तर तीही. म्हणूनच फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच हवा. तो दूर भिंतीवर लावला, तर मधल्या तारेला कोणी वाली नसतो. घरातल्या साध्या स्विचवरही विसंबता येत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा दिष्ट प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटती राहून स्विच वितळवते. येथे ‘डीसी’ असे लिहिलेलाच स्विच आणि फ्यूज लागतो.

तारेची जाडी हा एडिसनला छळलेला प्रश्न. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने ११० व्होल्टचा दिष्ट प्रवाह दिला, पण तो फार लांब नेता येईना. टोल्यावर हाच प्रश्न अधिक बिकट होतो. २४० वॉटसाठी बारा व्होल्टवर वीस अँपिअर वाहतात. तारेचा रोध ०.०५ ओहम धरला तर वीस वॉट तारेतच तापून जातात. दोन बॅटऱ्या एकसर जोडून चोवीस व्होल्ट केले की प्रवाह निम्मा आणि नासाडी चौथाई, म्हणजे पाच वॉट. अर्थात मग कंट्रोलर, दिवे आणि पंखाही चोवीस व्होल्टचे हवेत.

समांतर जोडणीत विभवांतर तेच राहते, साठा वाढतो. पण दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीवरून घेतल्या, तर तीच अधिक राबते आणि दुसरी अर्धपोटी राहून तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचते. एक तार पहिल्या बॅटरीच्या धन टोकावरून आणि दुसरी शेवटच्या बॅटरीच्या ऋण टोकावरून घेतली की दोघींची वाट सारख्या लांबीची होते. जुनीसोबत नवी जोडणे हा सर्वांत महागडा काटकसरीपणा. जुनी नवीलाही आपल्यासोबत ओढते.

भरत आलेली बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की एक ठिणगी पुरते. पाणबुड्यांनी ही किंमत मोजली आहे. खाटेखाली किंवा बंद पेटीत बॅटरी ठेवू नये, ती यासाठी. उन्हाचेही तसेच. दर दहा अंशांनी तापमान चढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. कौलाखालच्या तापत्या पत्र्यापेक्षा सावलीतला, वारा खेळता कोपरा तिला मानवतो. पट्ट्या उघड्या पडण्याआधी डिस्टिल्ड पाणी घालावे लागते. विहिरीच्या पाण्यातले क्षार तिला मारतात.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, शेवटी दिवे. सोडवताना याच्या उलट. कंट्रोलरला आधी बॅटरीचे व्होल्ट कळावे लागतात, नाहीतर भर दुपारचे पॅनेल त्याच्यावर मोकाट सुटते. सौभाग्यच्या तरतुदीतली पाच वर्षे संपल्यावर हा क्रम ठाऊक असलेला माणूस टोल्यावरच असावा लागतो, कारण पावसाळ्यात नाले भरले की बाहेरून कोणी येऊ शकत नाही.