सीलबंद डब्याची सबब

जामनेर तालुक्यातल्या पहूरसारख्या, भोवताली कपाशी पिकवणाऱ्या बाजारगावात कीटकनाशकाचा नमुना अप्रमाणित निघाला, की कृषी केंद्रवाल्याचा बचाव ठरलेला असतो : डबा कंपनीने सील केला, मी फक्त फळीवरून काढून दिला. माझ्या मनात पाप नव्हतं, मग मी आरोपी कसा? वकीलही त्याला दुजोरा देतात. दोषी मनावाचून गुन्हा नाही, हे सूत्र त्यांनी पहिल्याच वर्षी पाठ केलेलं असतं.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. धार जिल्ह्यातल्या नथूलाल या धान्यव्यापाऱ्याने परवान्याचा अर्ज केला होता, फीही भरली होती. परवाना मिळणारच या समजुतीने त्याने गहू साठवला. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेतूचा अभाव पाहून त्याला सोडलं. पण पुढचं सहसा कोणी सांगत नाही. 1967 मध्ये संसदेने त्याच कायद्यात ‘जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा अन्यथा’ अशा आशयाची भर घालून हेतूचा प्रश्नच निकालात काढला. 1974 मध्ये ती भर वगळली आणि दोषी मन गृहीत धरायचं, ते नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं, अशी तरतूद केली. म्हणजे ते सूत्र अढळ कधीच नव्हतं. नथूलालच्या निकालाआधी सांताक्रूझ विमानतळावर सोन्यासह पकडलेल्या मेयर हान्स जॉर्जने आपल्याला सोन्याबाबतची नवी अधिसूचना ठाऊकच नव्हती असं सांगितलं, तेही बहुमताने अमान्य झालं. त्या बहुमतात न्या. मुधोळकर होते, विरोधी मत न्या. सुब्बा राव यांचं; नथूलालला सोडणारेही तेच.

आता कीटकनाशक कायदा, 1968 पाहा. मालाच्या दर्जाचं निव्वळ अज्ञान हा बचाव नाही, असं कलम 30 बजावतं. पण तेच कलम विक्रेत्याला वाट देतं : माल परवानाधारकाकडून घेतला, वाजवी दक्षता घेऊनही दोष कळणं शक्य नव्हतं, आणि डबा नीट साठवून होता त्याच स्थितीत राखला, एवढं दाखवा आणि सुटा. ही कडक जबाबदारी आहे, निरपवाद नव्हे. बचावाला जागाच नसती तर तिला निरपवाद म्हणता आलं असतं, आणि तेव्हा विक्रेत्याची तक्रार रास्त ठरली असती.

हे ओझं विक्रेत्यावर का? कारण खरेदीचं पक्कं बिल, बॅच नंबर, कंपनीचा परवाना आणि गोदामाची किल्ली त्याच्याकडे असते. फवारणी करणाऱ्याकडे फार तर एक पावती, तीही मागितली तर. दुकानदाराच्या मनात काय होतं हे दुसऱ्या कोणी कोर्टात कशाच्या बळावर सिद्ध करायचं?

उलट टोकही मला पटत नाही. 2023 मध्ये राज्य सरकारने बोगस बियाणं-औषधं विकणाऱ्यांना झोपडपट्टीदादांसाठीच्या स्थानबद्धता कायद्यात ओढणारं विधेयक मांडलं, तेव्हा विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. त्यांचा तो विरोध योग्य होता. स्थानबद्धतेत खटल्याआधीच माणूस आत जातो. दक्षता सिद्ध करायची ती कुठे?

म्हणून कृषी केंद्रवाल्यांना एवढंच सांगणं : सीलकडे बोट दाखवू नका. पक्क्या बिलाशिवाय माल उतरवू नका, आणि विश्लेषकाचा अहवाल हाती पडला की त्याला आव्हान द्यायला 28 दिवस आहेत, ते वाया घालवू नका.