स्पिटफायरवरचं हैदराबाद आणि आपला शेतसारा

लातूरला माझ्या पुतण्याच्या टेबलावर सध्या एक लढाऊ विमान उभं आहे. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं स्पिटफायर, खऱ्याच्या २४व्या हिश्श्याएवढं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर होते, याचे साधारण ४७ सेंटिमीटर भरतात. चार महिने झाले, कामावरून आला की पोरगं त्याच्यापुढंच बसतं.

मागच्या रविवारी नांदेडहून गेलो तर म्हणाला, "काका, आता फक्त अक्षरं टाकायची राहिलीत. यू आणि एम. ही १५२ नंबरच्या स्क्वाड्रनची खूण. पण त्या स्क्वाड्रनचं नाव 'हैदराबाद' कसं काय? विमान इंग्रजांचं, लढलं इंग्लंडात!"

प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर थेट आपल्या घरापर्यंत येतं. मुक्तिदिन तोंडावर आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने ब्रिटिशांना पैसा दिला आणि त्यातून १९१८ मध्ये ११० नंबरच्या स्क्वाड्रनला डीएच-९ए जातीची बॉम्बफेकी विमानं मिळाली. विमानांवर निजामाच्या देणगीचा उल्लेख रंगवलेला असायचा. त्यातलं एक ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं. पुढं ते पोलंडमध्ये गेलं आणि १९७७ मध्ये ब्रिटिशांनी एक स्पिटफायर बदल्यात देऊन ते परत नेलं. आज ते लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे. निजामाला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' हा किताब मिळाला तोही याच काळात.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा आणखी दोन स्क्वाड्रनना हैदराबादचं नाव लागलं, १५२ आणि २५३. २५३ कडं हरिकेन विमानं होती, १५२ कडं १९४०च्या सुरुवातीला स्पिटफायर आली. १५२ च्या चिन्हावर निजामाची पगडी आहे आणि खाली ब्रीदवाक्य तेच, 'विश्वासू दोस्त'. १९४०च्या उन्हाळ्यात ही स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलला होती. पोर्टलंडच्या आरमारी तळाची राखण तिच्याकडं होती.

पुतण्या करतोय ते नेमकं त्या उन्हाळ्यातलं विमान. आधी कॉकपिट, मग मर्लिन इंजिन, त्याची एकेक नळी. पंखांत आठ मशीनगन. त्यांच्या तोंडावर कापडाचे लाल तुकडे चिकटवलेले असायचे, धूळ आणि गारठा आत जाऊ नये म्हणून. गोळ्या सुटल्या की कापड फाटायचं. पोराने चार तुकडे शाबूत ठेवलेत, चार फाटके केलेत आणि मागं पंखावर काजळी ओढलीय. म्हणजे विमान नुकतंच लढून उतरलंय. वरून मातकट आणि हिरवा रंग, मग पॉलिश पेपर मारून पायलट चढतो तिथला रंग उडवलाय. एवढं बारीक काम त्या पंखावर केलंय. पण पंख आला कुणाच्या पैशाने, हे किटच्या कागदावर नव्हतं.

तो पैसा संस्थानचा होता. संस्थानची तिजोरी भरायची ती मोठ्या प्रमाणात शेतसाऱ्यावर. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, हे आपले पाच जिल्हे त्यातच होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. हाली सिक्क्यात सारा भरणारा माणूस हिंदू होता, मुसलमान होता, लिंगायत होता, महार-मांगही होता. लंडनला विमान द्यायचं का, हे त्याला कुणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस निघायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. लढाई हिटलरविरुद्ध होती. ती हरली असती तर जगाचं काय झालं असतं, हे सांगायला नको. पैसा वाईट कामाला गेला असं मी म्हणत नाही. पण तिकडं स्वातंत्र्यासाठी विमान द्यायचं आणि इकडं स्वातंत्र्य मागणाऱ्याला आत टाकायचं, हे एकाच दरबारातून होत होतं.

ही स्क्वाड्रन पुढं ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. तिथं तिच्या स्पिटफायरवर झेपावणारा काळा बिबट्या काढलेला असायचा. युद्धानंतर भारतात असताना तिच्याकडं टेम्पेस्ट विमानं आली आणि १९४७च्या सुरुवातीला ती बरखास्त झाली. ब्रिटिशांची टेम्पेस्ट मग भारतीय हवाई दलात दाखल झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून निघालेली भारतीय फौज नळदुर्ग घेऊन उमरग्याच्या पुढं राजेश्वरकडं सरकली, तेव्हा तिची वाट मोकळी करायला टेम्पेस्टच आली होती. १७ तारखेला निजाम शरण आला.

आमची आजी उमरग्याकडची. ती सांगायची, "इमान आलं की आम्ही लेकरं उभ्या ज्वारीत घुसायचो. आपलं का दुसऱ्याचं, कुणाला कळत होतं!"

विमानाखाली लाकडी पट्टी लावायची आहे. पुतण्याने तिच्यावर लिहिलं होतं, '१५२ हैदराबाद स्क्वाड्रन, १९४०'. मी म्हणलं, खाली अजून एक ओळ टाक, 'पैसा : हैदराबाद संस्थानच्या रयतेचा'. थोडा विचार करून म्हणाला, "काका, पट्टी मोठी करावी लागंल." म्हणलं, कर.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण रझाकारांवर बोलतो आणि झेंडावंदन करून घरी येतो. रयतेचा पैसा कुठं कुठं गेला, यावर कुणी बोलत नाही. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत १९३९ ते १९४५ मधल्या साऱ्याच्या पावत्या असतील, उर्दू-मोडीतल्या का असेनात, तर रद्दीत देऊ नका. फोटो काढून पाठवा. वाचून घ्यायचं काम माझं.