रेव्हरंड टिळकांचें शहाणपण

रत्नागिरी जिल्ह्यानें महाराष्ट्राला दोन टिळक दिले. एकांचें नांव घरोघर आहे. दुसरे, करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक, यांची ओळख बहुतेकांना शाळेंतील कवितांपुरतीच असते. आज त्यांच्या कवितेविषयीं न बोलतां त्यांच्या वर्तनाविषयीं बोलावयाचें आहे.

टिळक संस्कृताचे व्युत्पन्न पंडित होते. परंतु पांडित्य निराळें आणि शहाणपण निराळें. नव्या करारांतील याकोबाच्या पत्रांत शहाण्याची कसोटी सांगितली आहे ती वाणीची नव्हे, सौम्य आचरणाची. टिळकांना ती लावून पाहूं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं त्यांच्याजवळ नव्हत्या. ज्या स्त्रीचें सारें आयुष्य सोवळ्याओवळ्यांत गेलें, तिच्यावर ती बातमी वीज कोसळावी तशी कोसळली. टिळकांच्या या वागण्यांत शहाणपण होतें असें त्यांचा अभिमानीही म्हणणार नाहीं. सत्य सांपडल्याच्या आवेगांत जवळच्या माणसाचें काळीज कसें पोळतें, याचें तें उदाहरण आहे.

पण पुढें काय झालें तें पाहा. पत्नी सहा महिने नांदावयास न आल्यास धर्मांतरितास विवाह मोडून घेतां यावा, अशी सोय १८६६ च्या कायद्यानें केलेली होती. टिळकांनीं ती वाट धरली नाहीं. त्यांनीं वाट पाहिली. कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्याही आपलें सोवळें सांभाळून, वेगळें बिऱ्हाड करून. मूळचे तापट असलेले टिळक येथें धीर धरून राहिले. धर्माची सक्ती त्यांनीं केली नाहीं. अखेर जातिभेद देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनांत आपोआप उगवला. सोवळें आधीं सुटलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. वादांत पंडितांना निरुत्तर करणाऱ्या पुरुषानें घरांत मौन पत्करलें. माझ्या मतें त्यांच्या साऱ्या विद्येहून हें मौन मोठें.

असेंच औदार्य बाहेरच्यांच्या वांट्यासही आलें. ज्यांना आपण बालकवि म्हणतों, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरास टिळकांच्या घरीं राहिले. ख्रिस्ती घरांत ब्राह्मणाचा मुलगा ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. टिळक दांपत्यानें त्याला मुलासारखें वागविलें. त्याची कविता फुलली, आणि तो हिंदूच राहिला. आश्रयाची किंमत त्याच्याकडून मागितली गेली नाहीं.

आपल्या धर्मबांधवांशीं वागतांनाही टिळकांची हीच रीत होती. ख्रिस्ती होणें म्हणजे परका होणें, हें त्यांस मान्य नव्हतें. म्हणून त्यांनीं उपासनेंत अभंग, भजन आणि कीर्तन आणलें. १९१७ सालीं तर त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनचें वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ ही मंडळी काढली. ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिचें दार मोकळें होतें. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं हातची मिळकत सोडणें व्यवहारी माणसास वेडेपणा वाटेल. पण ज्याच्या हातून अन्न मिळतें त्याच्यापुढें मान मोकळी राहत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस त्यांचा अंत झाला.

त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें. तें पुढें नेलें कोणी? शाळेचें तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं. त्याचा बहुतेक भाग त्यांच्याच हातचा आहे. ‘स्मृतिचित्रें’ही त्यांचींच, आणि त्यांत पतीचा तापटपणा लपविलेला नाहीं, थोरवीही लपविलेली नाहीं. जिला बोलावयास अवसर मिळाला, तीच असें निर्भयपणें लिहूं शकते.

माणूस किती शहाणा हें ठरवावयाचें असेल, तर त्याच्या व्याख्यानाला किती टाळ्या पडल्या हें मोजूं नये. ज्यांच्यावर त्याची सत्ता चालत होती, तीं माणसें त्याच्या सावलींत खुरटलीं कीं वाढलीं, एवढेंच विचारावें. नारायण वामन टिळकांच्या घरचें उत्तर आपल्यापुढें आहे.